लोफोतेनच्या वलांडीखाली

गेल्या जूनमध्ये मी, माझी आई आणि धाकटा भाऊ हरेश्वर असे तिघे नॉर्वेच्या उत्तर टोकाला लोफोतेन नावाच्या बेटांवर एका कोळीवाड्यात नऊ दिवस राहून आलो. कोळीवाडा हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. त्या गावाला त्यांच्या भाषेत नाव आहे, ते मला अजून नीट उच्चारता येत नाही, आणि नकाशावर ते शोधायला भिंग लागतं. पण पहिल्याच दिवशी आई त्याला कोळीवाडा म्हणाली, आणि मग आम्हाला दुसरा शब्द सुचलाच नाही.

आम्ही अंधेरीजवळच्या वेसाव्याचे. माझे बाबा, हसू तांडेल, स्वतःची होडी चालवायचे. मी चौथीत असताना एका परदेशी संस्थेने आमच्या बंदरावर होड्यांना इंजिनं बसवायला शिकवण्यासाठी एक माणूस पाठवला. उंच, लालबुंद, पंचविशीतला. नाव आर्ने. तो दोन हंगाम आमच्या माडीवर राहिला. आईच्या हातचं जेवला, बाबांबरोबर समुद्रात गेला, आणि बंदरावरची भाषा शिकला. त्यामुळे त्याच्या मराठीत शिव्या आधी आल्या आणि नमस्कार नंतर. तो परत गेल्यावर दर नाताळाला त्याचं पत्र यायचं. बाबा सांगायचे आणि मी इंग्रजीत उत्तर लिहायचे. प्रत्येक पत्राच्या शेवटी आर्ने विचारायचा, हसू, कधी येतोस? बाबा मला सांगायचे, लिही, पुढच्या वर्षी.

दोन वर्षांपूर्वी बाबा हृदयविकाराने गेले. आर्नेला कळवलं तेव्हा त्याचं उत्तर आलं ते माझ्या नावाने नव्हतं, आईच्या नावाने होतं. त्यात लिहिलं होतं की हसूने शब्द दिला होता, आता तो शब्द वहिनींनी पाळावा आणि मुलांना घेऊन यावं. आई नको म्हणाली. एवढ्या लांब जाऊन मी काय करणार, मला कोण ओळखतंय, असं म्हणाली. मग महिन्याभराने एका दुपारी ती एकटीच सोनाराकडे जाऊन हातातल्या दोन पाटल्या मोडून आली. कुणाला विचारलं नाही. बाकीचं आर्नेने पाहिलं.

जून ठरला, कारण जूनमध्ये आमच्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि हरेश्वरला नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रावर काम नसतं. मी बोरिवलीच्या एका शाळेत शिकवते. मी रजा टाकली. मुख्याध्यापिकाबाईंना मी सांगितलं की वडिलांच्या मित्राकडे युरोपला चाललोय. त्यांनी विचारलं, वडील काय करायचे? मी म्हणाले, घरचा व्यवसाय होता.

हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. शाळेत आठ वर्षं काढूनही माझी आई अंधेरीच्या बाजारात बसून मासळी विकते हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी वर्गात माझ्या बाकावर मुली बसत नसत. आईची मासळीची पाटी पाहिली की बसचा कंडक्टर तिला मागे उभं राहायला सांगायचा आणि मी पुढे जाऊन बसायचे. ती सवय माझी कधी गेली नाही.

समुद्रातून

विमानांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तीन विमानं बदलली, आणि तिन्हींमध्ये आईने लुगड्यावर माझा शाळेचा स्वेटर घालून मांडी घातली. शेवटच्या टप्प्यावर मात्र फेरीबोट होती. गाड्या, माणसं, टपाल, सगळं पोटात घेऊन जाणारी, तीनमजली. हरेश्वर चढतानाच म्हणाला की आता आपलं राज्य. वीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस तो. तासाभराने बोट उघड्या समुद्रात आली, काचा बंद, आत कॉफीचा आणि डिझेलचा वास, आणि आमचा तांडेल कागदी पिशवी तोंडाशी धरून बाकावर आडवा झाला. आई त्याच्या शेजारी बसून चपाती आणि सोड्यांचं सुकं खात होती. तिने त्याला फक्त एवढंच विचारलं की हे वेसाव्यात जाऊन सांगू का. त्याने मान हलवून नाही म्हटलं. मी आज ते सगळ्यांनाच सांगते आहे.

चार तासांनी समोर डोंगर उभे राहिले. सरळ पाण्यातून वर आलेले, काळे, माथ्यावर बर्फाच्या रेघा. त्यांच्या पायथ्याशी चिंचोळी पट्टी, आणि त्या पट्टीवर लाल रंगाची लाकडी घरं, अर्धी जमिनीवर, अर्धी पाण्यात खांबांवर. बोट वळली आणि वारा आमच्याकडे आला. त्या वाऱ्याबरोबर वास आला.

मी तो वास डोळे मिटून ओळखला असता. सुक्या मासळीचा. पावसाळ्याआधी वेसाव्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत असतात तेव्हा असतो तोच, फक्त थंड. आई कठड्याशी उभी होती. तिने एकदा नाक वर करून श्वास घेतला, आणि मग बोट दाखवलं. गावाच्या मागे, घरांपेक्षा उंच, लाकडी मांडव उभे होते, एकामागे एक, डोंगरापर्यंत. त्यांच्या आडव्या काठ्यांवर हजारो मासे लटकत होते.

"वलांडी," आई म्हणाली.

आमच्याकडे बांबूंच्या मांडवाला दोर बांधून त्यावर बोंबील टाकतात, त्याला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरावर टाकायची. इथे जोडीच होती, पण शेपट्या बांधलेली. मासा कॉड नावाचा, आमच्या घोळ माशाएवढा मोठा. आई ते पाहून म्हणाली की आपले तोंडाने धरतात आणि यांचे शेपटीने, एवढाच फरक. मग ती हसली. बाबा गेल्यानंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

धक्क्यावर आर्ने होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. तो आईसमोर आला, वाकला, आणि स्पष्ट वेसाव्याच्या बोलीत म्हणाला, "वहिनी, उशीर केलास."

जिथे दिवेलागण होत नाही

आर्नेची बायको इंगर गावाच्या शाळेत शिकवते. तिचं आणि माझं लगेच जमलं. घर लाकडाचं, दोन मजली, खिडक्यांत फुलझाडांच्या कुंड्या. चपला दाराबाहेर काढायची रीत अगदी आपल्यासारखी. जेवणात उकडलेला मासा, उकडलेला बटाटा आणि वितळलेलं लोणी. मीठ वेगळं, मसाला नाहीच. मासा इतका ताजा होता की पहिले दोन घास मला आवडले, आणि तिसऱ्यापासून हरेश्वर माझ्याकडे बघायला लागला. दुसऱ्या दिवशी आईने पिशवीतून घरचा मसाला, चिंच आणि लसूण काढून इंगरच्या चुलीचा ताबा घेतला. कालवण झालं तेव्हा आर्ने भांड्यावर वाकून बराच वेळ उभा होता. तो तीन वेळा भात घेऊन जेवला आणि नाक पुसत राहिला. इंगरने एक चमचा चाखला, पाणी प्यायली, आणि फार प्रामाणिकपणे सांगितलं की वास सुंदर आहे.

तिथे जूनमध्ये सूर्य मावळत नाही. डोंगराच्या कडेने सरकतो आणि पुन्हा वर येतो. मला आणि हरेश्वरला जाड पडदे लावून झोप लागायची. आईची अडचण वेगळी होती. तिला दिवा कधी लावायचा ते कळेना. शेवटी तिने मनगटावरच्या घड्याळात सात वाजले की खिडकीत मेणबत्ती लावायची असं ठरवलं. बाहेर लख्ख ऊन, आणि खिडकीत मेणबत्ती. पहिल्या दिवशी इंगरने विचारलं, समजून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः काडी पेटवून हातात द्यायची.

तिथेही दर्याची भीती तीच आहे. होडी सूर्याच्या उलट दिशेने वळवायची नाही, होडीवर शीळ घालायची नाही. चर्चच्या अंगणात एक दगड आहे, त्यावर समुद्रात गेलेल्या माणसांची नावं. वेसाव्यात आमचा असा दगड नाही, पण नावं सगळ्यांना पाठ आहेत. आईने तिथे चप्पल काढून नमस्कार केला. चर्चची झाडलोट करणारे म्हातारे गृहस्थ ते पाहून डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची आठदहा माणसं आम्हाला बघायला आली. कॉफी, वॅफल, तपकिरी रंगाचं गोड चीज. त्यांच्यापैकी काहींना इंग्रजी येत होतं. एका बाईंनी मला विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगितलं, शिक्षिका. भाऊ? होडी चालवतो. आणि आई?

"माझी आई व्यवसायात आहे," मी इंग्रजीत म्हणाले. 'बिझनेस' हा शब्द वापरला.

बाईंनी आदराने मान हलवली. आर्नेने माझ्याकडे पाहिलं आणि मग कपात पाहिलं. आई कोपऱ्यात बसून वॅफलचा तुकडा करत होती. मला वाटलं तिला कळलं नाही.

संध्याकाळच्या वेळेला, म्हणजे घड्याळातल्या, ती मला फिरायला घेऊन गेली, वलांडीखाली. वर काठ्यांवर वाळलेले मासे वाऱ्याने एकमेकांवर आपटत होते, लाकडावर लाकूड वाजावं तसे. ती एकेका रांगेखालून चालत होती. डोंगराच्या भिंतीला लागून असलेल्या शेवटच्या रांगांपाशी ती थांबली, उभी राहिली, आणि म्हणाली की इथे तिचा पदर हलत नाही. मी म्हटलं, बरं झालं, थंडी कमी लागेल. तिने माझ्याकडे पाहिलं.

"बिझनेस म्हंजे काय गो?"

"धंदा."

"कनचा, ते का नाय सांगितलंस?"

मी वरच्या माशांकडे बघत राहिले.

"आर्नेला माहीत हाय. मना माहीत हाय. हरेशला माहीत हाय. मग तू कोनाला फसवतंस?" ती रागावली नव्हती. तिचा आवाज रोजचा होता, म्हणूनच मला ते जास्त लागलं. "मी चोरी करतंय काय, तू लपवतंस?"

मी म्हणाले की नाही, तसं नाही. ती म्हणाली, मग कसं? आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ती पुढे चालायला लागली.

आर्नेची मासळी

चौथ्या दिवशी मासळी उतरवायला सुरुवात झाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये पकडलेला मासा तीन महिने वाऱ्यावर वाळतो, आणि जूनमध्ये सगळं गाव मिळून तो खाली काढतं. मग त्याची प्रतवारी होते. आपण सुक्या बोंबलाचे चांगला, मध्यम, चुरा असे तीनचार भाग करतो. तिथे जवळजवळ वीस प्रती आहेत. उत्तम मासा इटलीला जातो, खालचा आफ्रिकेला. वाळवलेली मुंडकीसुद्धा फुकट जात नाहीत, तीही आफ्रिकेला.

गावात प्रतवारी करणारा एकच माणूस होता. ओलाव, आर्नेचा चुलता, सत्तरीच्या पुढचा. एका कोठारात लांब लाकडी बाकासमोर तो उभा असायचा. मासा उचलायचा, उजेडाकडे धरायचा, मानेपाशी वास घ्यायचा, आणि मागे न बघता फेकायचा. तो बरोबर त्याच्या ढिगावरच पडायचा. त्याच्या शब्दावर इटलीचे व्यापारी न बघता माल उचलतात असं इंगरने सांगितलं. तो कुणाशी बोलत नसे, आणि कामाच्या वेळी कोठारात आलेले पाहुणे त्याला अजिबात खपत नसत.

आईने दारापाशी एक रिकामं खोकं उलटं टाकलं आणि त्यावर बसली. हरेश्वर बाहेर पोरांच्या उत्साहाने शिडीवर चढून मासे उतरवत होता. मी इंगरबरोबर जोड्या सोडवत होते. तासभर आई नुसती बघत होती. पहिल्यांदा आजूबाजूच्या खाडीकडच्या मांडवांचा माल आला, मग डोंगराकडच्या मांडवांचा. हे मांडव आर्नेचे होते. त्याचा सबंध हंगाम त्यांवर होता.

ओलावने एक मासा फेकला. तो पहिल्या प्रतीच्या ढिगावर पडला. आई उठली, तो मासा उचलला, अंगठ्याने मानेच्या मागे दाबून पाहिलं, वास घेतला, आणि खालच्या प्रतीच्या ढिगावर ठेवला.

कोठारातलं सगळं काम थांबलं.

ओलाव आला. त्याने मासा उचलून पुन्हा पहिल्या ढिगावर ठेवला. आईने तो पुन्हा उचलला आणि खाली ठेवला. त्याची उंची सहा फूट आणि आईची जेमतेम पाच. हरेश्वर शिडीवरून उतरून धावत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला की आई, राहू दे ना, तो आर्नेचाच माल आहे, नुकसान त्याचंच होणार, आपण पाहुणे आहोत.

"ही आतून वली हाय. पाहुनी हाय म्हनून वाईट मासली चांगली बोलू?" आई म्हणाली. "तुझा बापूस थांबला असता काय?"

हरेश्वर बाजूला झाला. ओलावने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. इंगरने ते इंग्रजीत सांगितलं: या बाईंना काय म्हणायचं आहे, आणि कशाच्या जोरावर?

आर्ने दारात येऊन उभा होता. गावातली पंधरावीस माणसं बघत होती. मी म्हणू शकले असते की तिला कुतूहल आहे, माफ करा. तो शब्द जिभेवर आलाही होता. पण आई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत हुकूम नव्हता, विनंती नव्हती. ती फक्त मी काय सांगते ते ऐकायला थांबली होती, एखादं गिऱ्हाईक काय म्हणतंय त्यासाठी थांबावं तशी.

मी म्हणाले, "माझी आई कोळीण आहे. चाळीस वर्षं ती मासळी वाळवते आणि मुंबईत अंधेरीच्या बाजारात जमिनीवर बसून विकते. परवा मी तुम्हाला व्यवसाय म्हणाले, ते चुकलं. ती म्हणते हा मासा आतून ओला राहिलाय. डोंगराच्या भिंतीकडच्या रांगांना वारा लागत नाही."

इंगरने हे सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं, एकही शब्द न गाळता. शेवटचं वाक्य ऐकून दोनचार माणसांनी डोंगराकडच्या मांडवांकडे मान वळवली.

ओलावने भिंतीवरची लहान करवत काढली. मासा बाकावर ठेवला आणि पाठीच्या कण्याच्या बाजूने कापला. सुकलेल्या माशाला कापायला वेळ लागतो. भुसा पडावा तसा पांढरा चुरा पडत होता. मग त्याने दोन्ही अर्धे उघडले आणि कण्यापाशी बोट ठेवलं. तिथे बोटभर लांबीची तपकिरी रेघ होती. तो वाकला, वास घेतला, आणि तो तुकडा आर्नेच्या हातात दिला.

आर्नेने वास घेतला आणि तो बाहेर गेला.

मग ओलावने त्या ढिगातले आणखी मासे पुढे ओढले. एक स्वतःकडे, एक आईकडे. तो उजेडाला धरायचा, ती अंगठ्याने दाबायची. सगळे वाईट नव्हते. एक मासा आईने खाली टाकला आणि ओलावने कापून दाखवला, तो आतून स्वच्छ निघाला. आईने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, मान्य केलं, आणि आपल्या हाताने पहिल्या ढिगावर नेऊन ठेवला. ओलावच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हललं. दुपारपर्यंत भिंतीकडच्या तीन रांगांचा माल खालच्या प्रतीत गेला.

त्या दिवशी जेवताना आर्ने खिडकीबाहेर डोंगराकडे बघत होता. हरेश्वर ताटात बघत होता. मी बटाटा नुसता कुस्करत होते. या माणसाने आम्हाला इतक्या लांब बोलावलं, घर दिलं, आणि आम्ही त्याच्या गावासमोर त्याच्या मालाची प्रत उतरवली. फक्त आई नेहमीसारखी जेवत होती. जेवण झाल्यावर आर्नेने ताट बाजूला सारलं आणि आईकडे बघून म्हणाला, "हसू पन असाच."

मग त्याने ती गोष्ट सांगितली, अर्धी त्याच्या मराठीत, अर्धी इंग्रजीत. बाबांच्या होडीला त्याने पहिलं इंजिन बसवलं त्या दिवशी सगळं बंदर बघायला जमलं होतं. बाबांनी इंजिन सुरू केलं, कान लावला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की हे वाकडं बसलंय. आर्ने परदेशातून शिकवायला आलेला. त्याने रागाने सगळं खोललं, मोजलं, आणि ते खरंच करंगळीभर वाकडं होतं. तो आठ दिवस बाबांशी बोलला नाही. नवव्या दिवशी बाबा त्याच्या खोलीत डबा घेऊन आले आणि म्हणाले की वाकडं इंजिन भर समुद्रात बंद पडलं असतं, मग तू माझ्याशी कसा बोलला असतास?

"मग मी जेवलो," आर्ने म्हणाला. "त्या दिवसापासून तो माझा मित्र."

आईला ही गोष्ट माहीत नव्हती. बाबांनी कधी सांगितली नव्हती. ती उठली, आर्नेचं ताट उचललं, आणि पाठ वळवून बराच वेळ धूत राहिली. आर्नेने हरेश्वरला विचारलं की भिंतीकडचे मांडव पुढच्या वर्षी कुठे हलवावेत. ते दोघे कागदावर वाऱ्याच्या दिशा काढत बसले.

पुढचे चार दिवस ओलावच्या बाकाशी एक दुसरं, बुटकं बाक आलं. ते त्याने स्वतः रात्रीतून ठोकलं होतं. आई सकाळी रबरी बूट घालून, लुगडं वर खोचून तिथे जायची. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्यांचं काही अडत नव्हतं. मी मध्ये जाऊन भाषांतर करायला लागले की आई मला जोड्या सोडवायला पाठवायची. एकदा कोठारातल्या एका माणसाने हसत मला सांगितलं की गावात बाहेरून येणारे लोक नाक धरतात, तेव्हा आम्ही त्यांना सांगतो हा पैशाचा वास आहे. मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, पैशाचा नाही, कामाचा. हे मी मुद्दाम मोठ्याने भाषांतर केलं.

सातव्या दिवशी इटलीच्या व्यापाऱ्याचा माणूस आला. चांगला कोट, कातडी बॅग. त्याने आईकडे पाहिलं आणि ओलावला विचारलं, या कोण? आम्ही सगळ्यांनी कान टवकारले. ओलाव फार बोलणारा माणूस नव्हे. त्याने आधी हातातला मासा नीट पाहून ढिगावर फेकला, आणि मग एकच शब्द उच्चारला. तो शब्द मी इंगरला विचारून घेतला. त्यांच्या भाषेत प्रतवारी करणाऱ्याला तो म्हणतात, आणि गावात तोपर्यंत तो फक्त ओलावसाठी वापरत. व्यापाऱ्याच्या माणसाने टोपी काढली.

मी दाराच्या आडोशाला उभी होते. त्या क्षणी माझ्या शाळेतली सगळी माणसं तिथे असायला हवी होती असं मला वाटलं. मुख्याध्यापिकाबाई, बाकावर न बसणाऱ्या मुली, आणि तो बसचा कंडक्टरसुद्धा.

परत

निघताना ओलावने आईला उत्तम प्रतीचे चार मासे निवडायला सांगितले. तिने अर्धा तास लावला. चारही माशांच्या शेपट्या बांधल्या, ते वर्तमानपत्रात गुंडाळले, आणि ती जुडी पिशवीत उभी ठेवली. आर्ने धक्क्यावर आला. त्याने हरेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला आणि आईला पुन्हा वाकून नमस्कार केला. या वेळी आईने त्याच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला.

सहारच्या विमानतळावर पहाटे उतरलो. बाहेर पाऊस, आत कस्टमची लांब रांग. आमच्या पुढच्या बाईंच्या बॅगेतून अत्तराच्या बाटल्या निघाल्या, मागच्या गृहस्थांकडे टेपरेकॉर्डर होता. आमची पिशवी उघडली तेव्हा वर्तमानपत्र फाटलं होतं. तीन दिवसांच्या प्रवासाने वास चांगलाच मुरला होता. अधिकाऱ्याने मान मागे घेतली. अत्तरवाल्या बाईंनी पदर नाकाला लावला. रांगेत कुजबुज झाली.

अधिकाऱ्याने विचारलं, हे काय आहे आणि कुणाचं आहे?

"सुकी मासळी आहे," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "माझ्या आईची. ती कोळीण आहे. तिला नॉर्वेत भेट मिळाली."

त्याने आईकडे पाहिलं, मग माशांकडे, मग पुन्हा आईकडे. एक मासा दोन बोटांनी उचलला, आणि काय करावं ते न सुचून तसाच धरून राहिला. आईने पदर कमरेला खोचला. अंधेरीच्या बाजारात ती रोज गिऱ्हाइकासमोर जशी असते तशी ती टेबलाशी नीट उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "घ्यायची असंल तर घे, नाय तर ठेव खाली. मागं गिऱ्हाईक खोलंबलंय."